अठरा तासांच्या वर्षाचा ग्रह आणि एंगडे सर

एंगडे सर गेल्याचं मला गंगाखेडहून येणाऱ्या एसटीत कळलं. गाडीत गर्दी एवढी, की मी एका पायावर उभा होतो आणि तो पाय तरी माझाच आहे का, याची खात्री नव्हती. माझा फोन वाजला, तर आजूबाजूच्या सात जणांनी आपापले खिसे चाचपले. सरांचा मुलगा सिद्धार्थ बोलत होता. "काका, बाबा गेले. दुपारी जेवले, पेपर घेऊन बसले, आन तसेच..." शेजारच्या माणसानं विचारलं, काय झालं. अख्ख्या पूर्णा तालुक्यात माझ्याएवढा थापाड्या दुसरा नाही असं लोक म्हणतात (जिल्ह्यात म्हणायला पाहिजे, पण लोकांचं मन लहान असतं). आणि त्या माणसाला उत्तर द्यायला मला तीन शब्द जुळवता आले नाहीत.

लाज वाटते, पण सांगून टाकतो. डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात एक विचार आला... आता माझ्या थापा तपासणार कोण? आणि त्याच्यामागून दुसरा आला. ती वही कुठं असेल? वही सरांच्या नावाची, अक्षर माझं, आणि आत मी घुसडलेलं एवढं खोटं, की उघडून झटकली तर अंगण भरेल.

एंगडे सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि मी त्याच शाळेत लिपिक. एकेचाळीस वर्षांपूर्वी ते चुडाव्याच्या स्टेशनवर पत्र्याची पेटी घेऊन उतरले, तेव्हा त्यांना न्यायला मीच गेलो होतो. पेटीत दोन सदरे आणि बाकी सगळी पुस्तकं. मी ती पेटी उचलली तेव्हा माझा खांदा चार बोटं खाली गेला, तो अजून वर आलेला नाही, शिंप्याला विचारा. त्यांच्या घरात छप्पन सालापासून एक शिस्त होती. आजोबा सालगडी, सही येत नव्हती. पण धम्मदीक्षा घेऊन आले, घरातला देव्हारा हलवला आणि पोरांना बसवून सांगितलं, की इथून पुढं कुणी काहीही सांगितलं तर आधी विचारायचं, कशावरून? सरांनी तो 'कशावरून' जन्मभर वापरला. मी ऑफिसात येऊन सांगायचो, की काल आमच्या विहिरीत मगर निघाली आणि तिनं मोटारीचं फुटबॉल, म्हणजे पाइपाच्या तळाचा व्हॉल्व्ह, गिळलं. बाकीचे मास्तर हसून हजेरीला निघून जायचे. सर मात्र खुर्ची ओढून बसायचे. मगर किती फुटी, विहिरीला पायऱ्या आहेत का, मग ती आत उतरली कशी... थापेलाही माणसानं एवढा मान द्यावा, हे मी दुसरीकडं कुठं पाहिलं नाही. मी हरायचो, आणि दुसऱ्या दिवशी जास्त तयारीनं यायचो.

मग कधीतरी तो ग्रह आमच्यात आला. कर्क राशीत एक तारा आहे, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल असा. त्याच्याभोवती फिरणारा एक ग्रह, नाव पंचावन्न कॅन्क्री ई. मी म्हणालो, सर, हे नाव आहे का एसटीच्या सीटचा नंबर? सरांनी सांगितलं ते असं, की तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत यायला एकेचाळीस वर्षं लागतात. ग्रह पृथ्वीच्या जवळजवळ दुप्पट रुंद, वजनाला आठपट. ताऱ्याला एवढा खेटून फिरतो, की त्याचं वर्ष आपल्या अठरा तासांत उरकतं. त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडं. तिकडं दगडाचा रस होऊन उकळतो. झालं. गंगाखेडच्या उसात वाढलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? मी त्या ग्रहाचं नाव 'गुऱ्हाळ' ठेवलं आणि आठ दिवसांत गावानं ते उचललं. मी पारावर सांगायचो, की तिथं मास्तर नोकरीला लागला की महिना भरायच्या आत त्याची तेहतीस वर्षं सर्विस होते, म्हणून त्याला पहिल्याच महिन्याला पगाराऐवजी पेन्शन मिळतं. अर्ध्या ग्रहाला कायम उजेड आणि अर्ध्याला कायम अंधार, म्हणजे विजेचे दोन फीडर आहेत आणि दुसऱ्या फीडरचा वायरमन जन्मल्यापासून रजेवर आहे. सर ऐकून घ्यायचे. मग हळूच म्हणायचे, उजेडाचं बरोबर आहे, वायरमनचं कशावरून?

सरांची स्वतःची एक वही होती त्या ग्रहाची. अक्षर असं, की कोंबडी शाईत पाय बुडवून घाईनं लग्नाला निघाली असावी. पण लिहायची पद्धत पक्की. जे मोजून सिद्ध झालं ते निळ्या शाईत. जे शास्त्रज्ञांना नुसतं वाटतं, ते पेन्सिलीत. उद्या पुरावा आला तर पेन्सिलीवरून शाई फिरवायची, उलटं निघालं तर खोडरबर. त्या वेळी शास्त्रज्ञांचा असा अंदाज होता, की या ग्रहाच्या पोटात कार्बन भरपूर असावा आणि त्यातला मोठा भाग दाबानं हिरा झालेला असावा. जगभर बातमी झाली. सरांनी ती पेन्सिलीत लिहिली, आणि तीसुद्धा फिकट.

आणि इथं माझा हात लागला. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. परभणीला जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन होतं आणि आमच्या शाळेतून नववीतली सुषमा या ग्रहावर बोलणार होती. सरांचं अक्षर तिला लागेना. सरांना निवडणुकीची ड्युटी आलेली. ते मला म्हणाले, बाबू, एक स्वच्छ प्रत करून ठेवा, पोरीला पाठ करायला बरं पडेल. मी शाळेचं एक कोरं रजिस्टर घेतलं आणि बसलो. आता माझी नोकरी सगळी दप्तरात गेलेली. दप्तराचा कायदा काय? पेन्सिलीत काहीही ठेवायचं नाही. पेन्सिलीची नोंद दिसली की तपासणीला आलेला साहेब चष्मा काढून आपल्याकडं बघतो. म्हणून मी नेमानं, इमानदारीनं, शाईतलं शाईत आणि पेन्सिलीतलंही शाईत उतरवलं. सगळं एकसारखं निळं, मोत्यासारखं. 'असावा'चा 'आहे' कधी झाला ते मलाही कळलं नाही. हाताला तीच सवय होती. एवढ्यावर थांबलो असतो तर मी कारकून म्हणून वाया गेलो एवढंच झालं असतं. पण पानांच्या तळाला दोन-दोन ओळी मोकळ्या राहत होत्या. दप्तरात मोकळी ओळ सोडत नाहीत. मागून कुणी काही भरतं. मग मीच भरल्या.

परभणीच्या त्या हॉलमध्ये सुषमा थर्मोकोलचा लालभडक चेंडू घेऊन उभी होती. मी सरांच्या बरोबर पॅसेंजरनं गेलो होतो आणि मागं दाराशी चहाचा कप घेऊन उभा होतो. परीक्षक बाईंनी विचारलं, ग्रह कशाचा बनलाय? पोरीनं खणखणीत आवाजात सांगितलं, "हा ग्रह हिऱ्याचा आहे. तिथल्या बायका हिरे जात्यावर दळतात. त्या पिठाची भाकरी चावत नाही, म्हणून तिथली माणसं भाकरी चोखतात."

मग हॉल असा हसला, की मला वाटलं छताचे पत्रे मनमाडपर्यंत जातील. बाईंनी विचारलं, हे कुठं वाचलंस? पोरीनं रजिस्टर वर धरलं. तिची काय चूक? शाळेच्या शिक्क्याच्या रजिस्टरात, निळ्या शाईत खोटं लिहिलेलं असतं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. तिचा चेहरा त्या चेंडूसारखा झाला... आणि मग सर उठले. सगळ्यांच्या देखत, आवाज न चढवता म्हणाले, "वही माझी आहे. चूक माझी आहे."

मी दाराशी होतो. चार पावलं पुढं टाकायची होती आणि एक वाक्य बोलायचं होतं. जन्मभर बोलण्याचा धंदा केलेला मी, कपात तोंड घालून उभा राहिलो. चहा कधीच संपला होता. परतीच्या गाडीत सर सुषमाशेजारी बसले, तिच्याशी काहीबाही बोलत होते. मी डब्याच्या दुसऱ्या टोकाला झोपेचं सोंग घेतलं आणि ते इतकं छान वठवलं, की तिकीट तपासनीसानंही उठवलं नाही. चुडाव्याला उतरल्यावर सरांनी रजिस्टर काखेत मारलं आणि मला एवढंच म्हणाले, "बाबू, तुमचं अक्षर लय सुरेख हाय."

बस्स. त्यानंतर त्या गोष्टीचा एक शब्द नाही. आम्ही दोघं रिटायर झालो, दर रविवारी त्यांच्या ओट्यावर चहा होत राहिला, मी थापा मारत राहिलो, ते कशावरून विचारत राहिले. पण ते एक वाक्य माझ्याकडं अडकून राहिलं. शंभर वेळा ठरवलं की आज सांगायचं. शंभर वेळा त्याऐवजी मगर काढली. मला वाटायचं, त्यांना ते दळणकांडण कुणी घुसडलं ते कळलेलं आहे आणि नाहीही. अक्षर माझं आहे हे दिसत होतंच. पण खोटंही माझंच, की पोरीनं मनानं जोडलं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आणि ज्याचं त्यांनी कधी 'कशावरून' विचारलं नाही, अशी माझी ही एकच गोष्ट.

सर गेल्यावर पाचव्या दिवशी सिद्धार्थचा पुन्हा फोन आला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला येणाऱ्यांना बाबांची आठवण म्हणून एक पुस्तिका द्यायची आहे, त्यांची ग्रहाची वही परभणीला छापायला दिली आहे, पाचशे प्रती. मी सावधपणे विचारलं, कोणती वही? तो म्हणाला, तुमच्या अक्षरातली, तीच वाचता येते ना.

कार्यक्रमाला सरांचे सगळे विद्यार्थी येणार होते... इंजिनिअर झालेले, कृषी विद्यापीठात लागलेले, मास्तर झालेले. ते पुस्तिका उघडणार आणि वाचणार, की एंगडे सरांच्या मते पंचावन्न कॅन्क्री ईवर माणसं भाकरी चोखतात. ज्या माणसानं जन्मभर एक ओळ पुराव्याशिवाय शाईत उतरवली नाही, त्याच्या नावावर पाचशे प्रतींत माझी लोणकढी. मागच्या वेळी निदान त्यांना उभं राहून चूक कबूल करता आली होती. आता ते उठणार नव्हते. म्हणजे उभं राहायला मीच उरलो होतो.

मिळेल त्या गाडीनं परभणी गाठली. स्टेशनवरून ऑटो केला आणि ऑटोवाल्याला एवढी घाई लावली, की तो प्रेसच्या पुढं निघून गेला आणि आम्हाला मागं यावं लागलं. प्रेसमध्ये सिद्धार्थ कॉम्प्युटरवाल्याच्या शेजारी बसून प्रूफं वाचत होता. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. प्रदर्शन, रजिस्टर, पेन्सिल, जातं, सगळं. बारा वर्षांचं अडकलेलं दीड मिनिटात बाहेर पडलं आणि शेवटी मी म्हणालो, "बाबा सिद्धार्थ, त्या वहीतलं निम्मं माझं हाय. छापू नको."

सिद्धार्थनं शांतपणे टेबलावरचं रजिस्टर माझ्याकडं सरकवलं. "काका, तुमी ही वही परत कधी उघडून बघितलीच न्हाई का?"

नव्हती बघितली. चोर चोरीचा माल उघडून बघत बसतो का? उघडली. माझ्या मोत्यासारख्या प्रत्येक पानाच्या समासात सरांची कोंबडी पेन्सिलीत फिरलेली होती. हिऱ्याच्या ओळीसमोर लिहिलं होतं: 'अंदाज. शाईत नको होतं.' जात्यासमोर एकच शब्द: 'बाबू.' पेन्शनसमोर 'बाबू, गणित मात्र बरोबर.' वायरमनसमोर 'बाबू'. पानामागून पान. माझं एकही खोटं त्यांच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं. आणि एकही खोडलेलं नव्हतं. सगळ्यात शेवटी छापायचं झालं तर कसं छापावं याची सूचना: दोन भाग करावेत. पहिल्यात ग्रहाबद्दल जे माहीत आहे ते. दुसऱ्या भागाचं नाव, 'कदम बाबूंचा ग्रह'. कदम म्हणजे मी. प्रूफं तशीच लागलेली होती.

मी मटकन खाली बसलो, तो कागदाच्या गठ्ठ्यावर. जीव भांड्यात पडतो म्हणतात. माझा पडला तो रांजणात पडला असावा, एवढा आवाज माझा मलाच ऐकू आला. हसू यायला लागलं आणि थांबेना. कॉम्प्युटरवाला पाणी घेऊन धावला.

मग सिद्धार्थनं एक पान काढून दिलं, ते मी साफ विसरलो होतो. तळाच्या मोकळ्या जागेत मीच कधीतरी खरडलेलं: 'तिथलं आभाळ वारंवार उडून जातं. मग ग्रह बिनझाकणाच्या भातासारखा उकळतो आणि वाफेचं दुसरं आभाळ शिजवतो.' समोर 'बाबू' होतं, पण त्यावर काट मारलेली. खाली अलीकडच्या, थरथरत्या हाताचं पेन्सिलीतलं अक्षर: 'असं असू शकतं. पहिल्या भागात घ्यावं.' सिद्धार्थनं समजावलं. दोनेक वर्षांपूर्वी अवकाशातल्या मोठ्या दुर्बिणीनं पाहिलं, तेव्हा शास्त्रज्ञ म्हणू लागले की त्या ग्रहाला वायूंचं आवरण असावं आणि उकळत्या खडकातून निघणाऱ्या वायूंनीच ते भरून निघत असावं. अजून पक्कं नाही. आणि हिऱ्याबद्दल मात्र शंका निघालेल्या, म्हणून सरांनी हिरा उचलून दुसऱ्या भागात टाकला होता, माझ्या जात्याशेजारी. म्हणजे बघा, जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांचा हिरा माझ्या पंगतीला येऊन बसला आणि माझा भात त्यांच्या पंगतीला गेला. त्या दिवशी स्टेशनसमोर मी एवढी भजी खाल्ली, की गाड्यावाल्यानं दुकान बंद करून घरी जायची परवानगी मागितली.

कार्यक्रम सरांच्याच अंगणात झाला. त्रिशरण-पंचशील झालं, पुस्तिका वाटल्या, एकेक जण उठून आठवण सांगू लागला. माझी पाळी आली. प्रेसमध्ये सिद्धार्थला सांगून झालं होतं. पण तिकडं हॉल भरून हसला होता, म्हणून इथं अंगण भरून कबूल करणं भाग होतं. मी सांगितलं, की परभणीला जी फजिती झाली ती सरांची नव्हती. पेन्सिलीवर शाई मी फिरवली, जातं मी घुसडलं, आणि सर उठले तेव्हा मी दाराशी होतो, उठलो नाही.

कुणाचाही विश्वास बसला नाही. मागून एक जण म्हणाला, बाबू, आजच्या दिवशी तरी थाप नको. दुसरा म्हणाला, मित्रावरचा बोल स्वतःवर घ्यायलेत बघा, काय माणूस हाय. लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. साठ-पासष्ट वर्षांत पहिल्यांदा निखळ खरं बोललो, तर माझी तारीफ झाली.

खाली बसलो तर शेजारी सुषमा येऊन बसली. आता ती पूर्णेकडच्याच एका शाळेत विज्ञान शिकवते. ती हळू आवाजात म्हणाली, "मला माहीत होतं, काका. सर त्याच दिवशी गाडीत बोलले. म्हणाले, अक्षर बाबूंचं हाय, खोटंबी त्यांचंच हाय. पण तुझ्या हातात द्यायच्या आधी वही तपासायचं काम माझं होतं. म्हणून चूक माझी." मी तिला विचारलं, मग मला का नाही बोलले? तिनं खांदे उडवले. "मी तेच विचारलं होतं. म्हणाले, त्यांच्या थापा बंद पडतील."

तेव्हा कुठं मला रडू आलं. चांगलं मोकळं, ढसाढसा. बारा वर्षं मी समजत होतो की ते मला सोसतायत... आणि ते माझी मगर यायची वाट बघत होते.

माणसं पांगली. सतरंज्या गोळा झाल्या. दिवस मावळायला आला होता. एंगडे वहिनींनी चहा आणून ठेवला आणि समोर पायरीवर टेकल्या. सरांच्या त्या ग्रहाबद्दल इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यादेखत एक प्रश्न कधी विचारला नव्हता. आमचं चालू झालं की त्या ज्वारी निवडायला घ्यायच्या. आज हातात पुस्तिका होती. पानं उलटत त्या म्हणाल्या, "भाऊजी, एक सांगा. तिथं पाऊस पडतो का हो?"

माझ्या जिभेवर तीन पाऊस तयार होते. एक काकवीचा, एक तापल्या खड्यांचा आणि एक असा, की जो खालून वर पडतो. त्यांच्याकडं बघितलं. त्या खरंच विचारत होत्या.

"माहीत न्हाई, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी पदरानं चेहरा पुसला, आणि मला वाटलं की त्या रडतायत, तर त्या हसत होत्या. "ह्यांच्यावानी बोलायलाव. हे बी काही विचारलं की आधी माहीत न्हाई म्हणायचे, आन मग उठून पुस्तकांचं कपाट उघडायचे."

कंबरेची किल्ली काढून त्यांनी माझ्यासमोर धरली.

"बघा मग," म्हणाल्या.